दुसरं शिंग

सकाळी एका शिंगानं घराबाहेर पडलेला बैल संध्याकाळी दोन शिंगं घेऊन परत आला, तेव्हा सरिता दुकानात बसून एका गंजावर, स्टीलच्या उभ्या पातेल्यावर, नाव टाकत होती. पुलगावच्या बाजारगल्लीत तिच्या वडिलांचं, बापूरावांचं, भांड्यांचं दुकान होतं. विकायचं काम त्यांचं, आणि विकलेल्या भांड्यावर मशीननं नाव कोरून द्यायचं काम हिचं. मशीनची सुई स्टीलवर थरथरत चालते, ती थरथर बोटांतून मनगटात आणि मनगटातून थेट दातांत जाते, आणि नाव पुरं होईस्तोवर माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही. 'अनुसयाबाई' होत आलं होतं. तेवढ्यात पायरीवर चाकांचा खडखडाट झाला, हिनं मान वर केली नि सुई सरकली. अनुसयाबाईंच्या नावाला गंजाच्या काठापर्यंत एक शेपूट फुटलं. बाहेर तान्हा पोळा संपत आला होता. मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांचा. चाकं लावलेले लाकडी बैल दोरीनं ओढत पोरं दारोदार जातात, घरची बाई बैलाचे पाय धुते, कुंकू लावते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते. कुणी नाणं ठेवतं, कुणी बिस्किटपुडा, ज्याची जशी दानत. प्रेरणाचा बैल दरवर्षी या फेरीला जायचा, आणि दरवर्षी त्याला एकच शिंग असायचं. प्रेरणा आता नऊ वर्षांची. दुसरं शिंग पाहिल्याचं तिला आठवत नव्हतं, त्यामुळं तिचं काही अडतही नव्हतं. पोरं 'एकशिंग्या' म्हणून चिडवत, आणि ती म्हणे, मंग काय झालं.

"हे शिंग कुठून आलं वं?" सरितानं मशीन बंद करून विचारलं.

"लावून देलं."

"कोणं?"

"एका काकानं. रेल्वे फाटकापाशी ते क्वार्टर हायेत ना, तथी. पण आई, पाह्य ना, तथी मले..."

"कोणता काका? कसा दिसते?"

प्रेरणानं थोडा विचार केला. "काकासारखा," ती म्हणाली.

शिंगाच्या बुडाला काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. वायरमन लोक तारेच्या जोडावर लावतात ती. नीट, एकावर एक वेढे देऊन, टोक दाबून चपटं केलेलं. सरितानं त्या टोकावरून अंगठा फिरवला. पट्टी अशी चपटी करणारा एकच माणूस तिच्या ओळखीचा होता. गावात बातमीला पाय लागत नाहीत. तिचा फारकत झालेला नवरा हेमराज बदली होऊन पुलगावात आला हे तिला उन्हाळ्यातच कळलं होतं. एकदा तर तिनं त्याला पाहिलंही होतं, म्हणजे त्याच्या बुटांचे तळवे पाहिले होते. भर दुपारी बाजारातल्या खांबावर एक लाइनमन चढलेला होता, आणि खालून जाणारी सरिता उगाच थांबली होती. खांबावरचा माणूस खालून कुणीही असू शकतो. पण पक्कड दातांत धरून दोन्ही हातांनी तार ओढायची लकब तिच्या ओळखीची होती, कारण लग्नानंतर पहिल्याच महिन्यात, असं करू नका, दात जातील, असं ती त्याला म्हणाली होती. दात शाबूत दिसत होते. तेवढं पाहून ती पुढं गेली. राग यायला हवा होता, निदान छातीत धडधड तरी. त्याऐवजी तिला नुसतं वाटलं होतं, याचं जेवण झालं असेल का?

सरिताला लहानपणापासून चौकशीची खोड. भांड्यावर नाव टाकायला कुणी आलं की हिला विचारल्याशिवाय राहवायचं नाही: कुणाचं लग्न, मुलगी कुठं दिली, 'स्मरणार्थ' असेल तर माणूस कशानं गेला. बापूराव म्हणत, "तू नाव टाकते का जबानी घेते?" अशा बाईची गाठ देवानं नेमकी हेमराजशी घातली. विचारणारी एक आणि न सांगणारा एक. तो वाईट नव्हता. त्यानं कधी हात उगारला नाही, दारू प्याला नाही. कोर्टात प्रमिलाबाई वकील म्हणाल्या होत्या, "अहो, काहीतरी सांगा ना मला," तेव्हा सरितालाच ओशाळल्यासारखं झालं होतं. काय सांगायचं? एकदा खांबावर त्याच्या शेजारी काम करणारा माणूस शॉक लागून खाली पडला आणि गेला. हेमराज त्या संध्याकाळी घरी आला, हातपाय धुतले, जेवला, वरणात मीठ कमी आहे असंही म्हणाला नाही. सरिताला ते दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून कळलं. "तुमच्या बाजूले माणूस मेला अन् तुमी मले सांगतलं नाई?" तिनं विचारलं. तो भाकरी मोडत राहिला. तिनं पुन्हा विचारलं, मग ओरडून विचारलं, मग कित्येक दिवस दर जेवणाला विचारलं. आपण त्या मेलेल्या माणसाबद्दल विचारत नसून दुसऱ्याच कशाबद्दल विचारतो आहोत हे तिला तेव्हा कळत नव्हतं, आणि त्याला कळत असलं तरी तो सांगणार थोडाच होता? भिंतीशी बोलावं तर भिंत निदान आपलाच आवाज परत देते. सासू, कौशल्याबाई, मात्र दोघांच्या वाटचं बोलून घ्यायच्या.

हा बैल हिंगणघाटच्या त्याच घरातला. प्रेरणा पोटात होती तेव्हा हेमराजनं तो सिंदीहून आणला होता, एसटीत मांडीवर घेऊन. पोरगाच होणार हे कौशल्याबाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. पोरगी झाली. "पोरीले बैल काऊन पाह्यजे?" असं म्हणून त्यांनी बैल माळ्यावर टाकला. एक दिवस सरिता विहिरीवरून आली तर बैल खाली, आणि आठ महिन्यांची प्रेरणा त्याचं डावं शिंग तोंडात घालून चावत बसलेली. माळ्यावर चढायची सवय घरात एकालाच होती. "तुमी काढला का?" हिनं विचारलं. उत्तर नाही. पण नंतर जे काही बिघडत गेलं त्यात बैल कधी पुन्हा माळ्यावर गेला नाही. प्रेरणाचे दात त्या शिंगावरच आले. टोकाशी रंग गेला, लाकूड पांढरं पडलं, त्यात दोन बारीक खाचा झाल्या. सरिता रोज ते शिंग ओल्या फडक्यानं पुसायची. मग एक दिवस ती निघाली. दारात रिक्षा उभी होती, कडेवर प्रेरणा, खांद्याला कपड्यांची थैली, हातातल्या पिशवीत बैल, शिंगं पिशवीबाहेर. हेमराज ओसरीवरून उठला आणि त्यानं पिशवीला हात घातला. तिनं पिशवी हिसडली. कडकन आवाज झाला. बैल हिच्या पिशवीत राहिला नि शिंग त्याच्या मुठीत. कोर्टानं फारकत नंतर दिली. वाटणी त्या दिवशीच झाली होती. आठ वर्षांत तिनं या प्रसंगाला किती वेळा हात घातला असेल त्याला गणती नाही, आणि दर वेळी ती एकाच जागी येऊन थांबायची. तो अडवायला उठला होता, की पिशवी जड आहे म्हणून रिक्षापर्यंत उचलून द्यायला? दोन्ही त्याला शोभलं असतं. विचारायची सोय तेवढी राहिली नव्हती.

आता नेमका हा बैल, नेमका याच आठवड्यात. सोमवारी वर्ध्याला प्रमिलाबाईंकडं जायचं होतं. खावटी वाढवून मागायचा अर्ज त्यांनी तयार ठेवला होता, फक्त सही राहिली होती. प्रेरणा लहान असताना कोर्टानं जी खावटी बांधून दिली ती अजून तशीच यायची, महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डरनं, कधी उशीर नाही, कधी एक रुपया वर नाही, कधी सोबत एक शब्द नाही. नत्थूजी पोस्टमन म्हणायचे, "घ्या बाई, तुमची पेन्शन आली." पोरगी वाढली, फ्रॉकची लांबी वाढली, पावसाळ्यात चपला जाऊन बूट आले, खावटी मात्र तान्हीच राहिली. प्रमिलाबाईंचं म्हणणं सरळ होतं. "तेव्हा कायद्यानंच खावटीवर झाकण ठेवलं होतं, ठरल्या रकमेच्या वर नाही. ते झाकण आता काढलंय. पोरीची गरज आणि बापाची ऐपत बघून कोर्ट वाढवून देईल. तुम्ही फक्त एक करा, त्याच्या घरी काय काय आहे ते बघून ठेवा. टीव्ही, फ्रिज, गाडी. दुसरं लग्न झालंय ना त्याचं? मग घर भरलेलं असणार." गरज होती, यात खोटं नव्हतं. चौथीनंतर प्रेरणाला वर्ध्याच्या शाळेत घालायचं सरितानं मनाशी धरलं होतं. गणितं ती उभ्या उभ्या सोडवायची, आणि इथल्या मास्तरांनीच सांगितलं होतं, हिला इथं ठेवू नका. आणि दुकानाचं खरं नव्हतं. लोक लग्नात भांडी द्यायचं बंद करत चालले होते, पाकिटं देत होते. पाकिटावर नाव पेनानंही लिहिता येतं, त्याला मशीन लागत नाही. बापूरावांनी तर केव्हाच निकाल दिला होता. "मांगाले काऊन लाज वाटते तुले? पोट्टी का तू एकटीनं आणली?" पण सरिताला विचारायची जेवढी हौस होती, तेवढी मागायची नव्हती. इतकी वर्षं ज्यानं एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, त्याच्यापुढं आता हात पसरायचा? त्यापेक्षा त्याचं तसंच येत राहू दे, निमूट, सरकारी पाण्याच्या नळासारखं. नळाशी कुणाचं भांडण नसतं. आत्तापर्यंत तिला हे जमलं होतं, कारण मनीऑर्डरच्या पलीकडं माणूस आहे हेच ती विसरली होती. आणि आज त्या माणसानं काळ्या चिकटपट्टीचं टोक अंगठ्यानं दाबून चपटं केलं होतं.

दुकान बंद करून शेजारच्या नाचणगावला घरी येईस्तोवर तिनं पोरीला विचारून विचारून हैराण केलं. घर कसं आहे? छोटं. टीव्ही आहे? आहे, पण त्यावर कापड टाकलं होतं. त्या काकू कशा आहेत? "लय चांगल्या हायेत," प्रेरणा म्हणाली, "त्यायनं बैलाचे पाय गरम पाण्यानं धुतले. थंडी वाजन म्हणे त्याले." कांता नाव होतं तिचं, हे सरिताला माहीत होतं, गरम पाण्याचं नवीन होतं. मग तो बाहेर कसा आला, आधी काय म्हणाला? तू कोणाची असं विचारलं का? इथं सरिताचा आवाज जरा वेगळा झाला असावा, कारण प्रेरणानं तिच्याकडं पाहिलं. "नाई. तो म्हणे, कोणाचा बैल हाये हा? मी म्हटलं, माहा. तो म्हणे, अन् शिंग? मी म्हटलं, पह्यल्यापासूनच नाई. मंग तो खाली बसला अन् बैलाले इकडून तिकडून पाहून राह्यला." म्हणजे पोरीला ओळखलं नाही, बैलाला ओळखलं. सरिताला हसू आलं आणि त्या हसण्याचाच राग आला. ओळखणार तरी कसं? कोर्टानं भेटायची परवानगी दिली होती तेव्हा तो दोनदा आला होता, बापूरावांच्या ओसरीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, प्रेरणा त्याला पाहून भोकाड पसरायची, आणि तिसऱ्यांदा तो आलाच नाही. आला नाही म्हणून हिनं त्याला मनातल्या मनात किती बोल लावले होते. "मंग?" ती म्हणाली. "मंग आतमंदी गेला अन् शिंग घेऊन आला. पण आई, मले ना तथी..." "कुठून आणलं? पेटीतून? कपाटातून?" "मले का माहीत पेटी न् कपाट! आतमंदी गेला म्हटलं ना!" प्रेरणा चिडली, बैल घेऊन अंगणात गेली, आणि जेवताना एक अक्षर बोलली नाही. सरितानं ताट पुढं ओढलं. ताटाच्या काठाखाली बापूरावांनी लग्नाच्या वेळी मशीननं कोरलेलं नाव होतं, 'सौ. सरिता हेमराज'. लग्नातली भांडी फारकतीनंतर परत आली ती नावासकट. पॉलिश मारून नाव काढता येतं, पण बापूराव म्हणायचे, काढू नको, तिथं ताट पातळ होते. म्हणून ती रोज त्या नावावरच जेवायची, आणि आज पहिल्यांदाच घास तोंडाशी नेताना तिला ते बोटांखाली लागलं.

रविवारी उजाडलं तशी ती बैल घेऊन अंगणात बसली. शिंग जुनंच आहे की त्यानं नवं बसवलं, एवढंच तिला पाहायचं होतं; म्हणजे तिनं स्वतःला तेवढंच सांगितलं. टोकाशी बोट नेलं, तर खाचा लागल्या. त्या दोन बारीक खाचा, पहिल्या दातांच्या. म्हणजे त्यानं ठेवलं होतं. हिंगणघाटच्या घरातून निघाला तेव्हा घेतलं, बदलीच्या गावांना नेलं, दुसरं लग्न केलं तेव्हाही टाकलं नाही. एक लाकडाचा तुकडा, कुठल्याच बैलाचा नसलेला. कशाला? न बोलणाऱ्या माणसाच्या घरात असं आणखी काय काय पडून असेल? प्रमिलाबाईंना टीव्ही-फ्रिज हवा होता. हे कोणत्या कागदावर लिहायचं? आणि जो माणूस एवढं जपतो त्याच्यावर अर्ज करायचा? की त्याच्यावरच करायचा? ती शिंग फिरवून पाहत होती तेव्हा आणखी काहीतरी हाताला लागलं. खाचांच्या वर, पट्टीच्या जवळ, आणखी खाचा होत्या. ताज्या. लाकूड तिथं अजून उजळ होतं, आणि बोटाला जरा ओलसर वाटलं, किंवा तिला तसा भास झाला.

"प्रेरणा, त्यायच्या घरी लेकरू हाये का?"

"हाये ना. रांगते." प्रेरणा दात घासत होती, तिनं थुंकून घेतलं. "पडद्यातून दिसलं मले, त्याच्याच हातातून त्यानं शिंग काढून घेतलं. ते चाटून राह्यलं होतं. लय रडलं."

हे नवीन होतं. रात्रभर सरितानं जे काही उभं केलं होतं, पेटीच्या तळाशी कापडात गुंडाळलेलं शिंग, ते असं रांगत्या पोराच्या लाळेत येऊन पडलं. जपलं होतं की नुसतं घरात पडलेलं होतं? पडलेलं असतं तर दिलं असतं का? आणि मग हिच्या मनात ते आलं, जे आल्यावर अर्ज, शाळा, प्रमिलाबाई सगळं एका बाजूला सरकलं. म्हणजे असं होणार आहे. आपण सही करायची, कोर्टानं वाढवून द्यायचं, आणि त्यानं घरात जाऊन त्या लेकराच्या तोंडातलं काढून आणून आपल्या दारात ठेवायचं. वर काळी पट्टी लावून, नीट. तो नाही म्हणायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. वाद घालायलाही तोंड उघडावं लागतं.

दुपारी ती गंज पोचवायच्या निमित्तानं निघाली. अनुसयाबाई फाटकाच्या अलीकडं राहायच्या, पण सरिता तशीच पुढं गेली. नावाला फुटलेल्या शेपटाचा तिनं सकाळी दुकानात नक्षीचा वेल करून टाकला होता. अनुसयाबाईंना तो आवडणार होता. क्वार्टर पाच-सहा, सगळे एकाच रंगाचे, पण कुठला ते विचारावं लागलं नाही. दोरीवर लंगोट वाळत होते आणि दाराशी कालच्या रांगोळीवर बैलांच्या चाकांच्या रेघा उमटल्या होत्या. गाडी नव्हती, सायकल होती, तिच्या दांड्याला तारेचं वेटोळं अडकवलेलं. सरितानं हे सगळं पाहिलं, आणि पाहताना तिला कळलं की आपण वकिलासाठी पाहत नाही आहोत. आपल्याला नुसतं पाहायचंच आहे. आतून कांताचा आवाज आला, ती एकटीच बडबडत होती, लेकराशी असेल, "काय पाह्यजे माह्या राजाले, काय पाह्यजे?" आणि त्यावर कुणी काही म्हणालं नाही. लेकराला बोलता येत नव्हतं. हेमराज घरात होता की नव्हता हे त्यावरून समजायला मार्ग नव्हता. या बाईला न बोलण्याचा त्रास होत नसेल का? की हिनं विचारायचंच सोडून दिलं आणि दोघांच्या वाटचं बोलायला शिकली? सरिताला तिच्याबद्दल फार बरं वाटलं, नि लगेच फार वाईट वाटलं, आणि यातलं कुठलं कुणासाठी हे तिला उमजेना. दारावरचा पडदा हलला तशी ती झपाझप परत फिरली, चोर असल्यासारखी, छातीशी गंज धरून.

सोमवारी सकाळी स्टँडवर वर्ध्याची एक गाडी लागली आणि सुटली. सरिता बाकावरून उठली नाही. मुलीला सोबत आणा, असं प्रमिलाबाईंनी सांगितलं होतं, म्हणून प्रेरणा होती, आणि प्रेरणा बैल सोडायला तयार नव्हती, म्हणून बैलही होता. दुसरी गाडी आली. तीही गेली. "आई, हेच त होती," प्रेरणा म्हणाली. "दुसरी येते," सरिता म्हणाली. तिनं मनाशी जवळजवळ ठरवलं होतं. प्रमिलाबाईंना फोन करून सांगायचं, राहू द्या. शाळेचं पाहू काहीतरी, शिलाई मशीनवर फॉल-पिको सुरू करू, बापूराव चार दिवस बडबडतील आणि गप्प बसतील. त्यानं शिंग दिलं, आपण अर्ज सोडला, फिटंफाट. हा विचार इतका मोठ्या मनाचा होता की तिला स्वतःचाच संशय आला. खरंच त्या लेकरासाठी सोडतो आहोत, की त्या माणसानं पुन्हा एकदा न बोलता आपल्याला गप्प केलं? स्टँडवर केळीवाला ओरडत होता. प्रेरणा बैलाच्या शिंगावरची पट्टी नखानं सारखी करत बसली होती, कपाळाला आठ्या घालून. परवापासून तिचं काहीतरी बिनसलेलं होतं, आणि हे सरिताला आत्ता, दोन गाड्या गेल्यावर, ध्यानात आलं.

"काय झालं वं तुले? परवापासून तोंड फुगवून राह्यली."

"तू ऐकतच नाई." प्रेरणानं मान वर केली नाही. "मी सांगाले गेली की तू विचारतच राह्यते. टीव्ही हाये का, पेटी हाये का."

"आता नाई विचारत. सांग."

"त्या घरी मले बोजारा भेटलाच नाई."

सरिता बाकावर तिच्याकडं सरकली.

"सगळ्या पोट्ट्यायले काकूनं देला. अंजूले त कंपासपेटी देली, नवीन. माह्या बैलाचं शिंग लावणं चालू होतं ना, मी तथीच बसली होती. मंग लेकरू रडलं त काकू आतमंदी गेल्या. अन् तो काका बी आतमंदी गेला. मी लय वेळ उभी होती." हे सांगताना तिचं पट्टीवरचं नख थांबलं. "माहाच राह्यला."

"अवं, शिंग देलं ना त्यानं तुले."

"शिंग का बोजारा असते?" प्रेरणा उसळली. गणितात कुणी चूक केली की ती अशीच उसळायची. "शिंग त आपल्याच बैलाचं होतं! बसलं ना बरोबर? आपलं होतं म्हणून बसलं. आपलंच आपल्याले देलं, त्यात त्यानं काय देलं?"

केळीवाला ओरडायचा थांबला की काय कुणास ठाऊक, सरिताला काही ऐकू येईना; मशीन चालू असताना होतं तसं. मग ती म्हणाली, "मंग तू मांगायचा होता."

"बोजारा मांगत नसते कोणी," प्रेरणा म्हणाली. इतकी साधी गोष्ट आईला समजावून सांगावी लागते याचंच तिला नवल वाटलं. "ते का भीक हाये? बैल घेऊन दारात उभं राहा लागते. मंग देतेतच."

"अन् ते लेकरू? त्याचं शिंग गेलं ना, ते रडत राह्यलं असन."

"नाई," प्रेरणा म्हणाली, "त्याले काकानं पक्कड देली खेळाले. मंग चूप बसलं."

सरिता हसली. आधी नुसती हसली, मग डोळ्यांना पदर लावायची वेळ आली, आणि बाकावरच्या म्हाताऱ्या बाईनं वळून पाहिलं. पक्कड. दातांत धरायची ती. काहीतरी देईलच तो, त्याच्याकडं देण्यासारखं आणखी असतं, आत जाऊन आणावं लागतं एवढंच. दारात उभं असलेलं माणूस मात्र त्याला दिसायला हवं. त्या दिवशी तो पिशवी अडवायला उठला होता की उचलायला, हे तिला अजूनही माहीत नव्हतं, आणि बहुतेक कधीच कळणार नव्हतं. कळावंसं अजूनही वाटत होतं. पण त्याच्यासाठी पोरीनं दारात ताटकळायचं काही कारण नव्हतं.

तिसरी गाडी लागली. सरितानं एका हातानं बैल उचलला, जुना, दोन्ही शिंगांचा, आणि दुसऱ्या हातानं प्रेरणाला पायरीवर चढवलं. कंडक्टरनं बैलाकडं पाहून विचारलं, "याचं बी तिकीट फाडू का बाई? कुठी जाता?"

"वर्धा," ती म्हणाली. "एक फुल, एक हाफ."

गाडी फाटकाशी आली तशी प्रेरणा खिडकीतून क्वार्टर पाहू लागली. मग तिनं विचारलं, "वर्ध्याले कायले चाललो आपण?"

"तुहा बोजारा आणाले," सरिता म्हणाली.